डायलॉगसाठी सोडलेली जागा

त्या अल्बममध्ये एकतीस तुकडे आहेत आणि त्यातला एकही धड पूर्ण नाही. हे दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी कडाकडा भांडले असते. पण म्हणणारी मीच आहे, कारण ते एकतीसच्या एकतीस तुकडे माझे आहेत. रोज संध्याकाळी लागणाऱ्या एका मराठी मालिकेचं पार्श्वसंगीत मी चार वर्षं केलं, नाशिकरोडच्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत बसून. मालिका संपली, संगीताचा अल्बम निघाला, आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे.

मालिकेचं संगीत म्हटलं की लोकांना शीर्षकगीत आठवतं. ते करणारे वेगळे. त्यांच्या मुलाखती होतात, त्यांना सत्काराला बोलावतात. मी करते ते मागचं. सून उंबऱ्यात थबकली की जे वाजतं ते. सासूच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा जाऊन आपटतो तेव्हा जे तीनदा आदळतं ते. बरं, एपिसोड बघून त्याला संगीत द्यावं एवढी सवड कोणालाच नसते. सकाळी शूटिंग, दुसऱ्या दिवशी टीव्हीवर. त्यामुळे आधीच ढीगभर तुकडे करून ठेवायचे, त्यांना नावं द्यायची, रडणं लांब, रडणं आखूड, सासू एन्ट्री, झटका एक, झटका दोन, आणि मुंबईला पाठवायचे. तिथला एडिटर फडताळातून डबा काढावा तसा हवा तो तुकडा काढतो आणि प्रसंगाखाली घालतो. चार वर्षांत मी दोनशेवर तुकडे केले असतील.

सुरुवातीला मी पूर्ण चाली पाठवायचे. दीड-दोन मिनिटांच्या, सारंगी, बासरी, खाली तंतुवाद्यांचा भरणा, सगळं कसं व्यवस्थित. पहिल्याच आठवड्यात चॅनेलवरच्या बाईंचा फोन आला. माझ्यापेक्षा वयानं लहान, बोलायला गोड, आणि कोणतीही गोष्ट कालच हवी असायची त्यांना.

"ताई, म्युझिक डायलॉगवर चढतंय."

"एडिटरला आवाज कमी करायला सांगा ना."

"त्याला वेळ नाही हो. तुम्हीच मधे जागा सोडून द्या. आठ-दहा सेकंद वाजवा, मग मागे घ्या, माणसं बोलून झाली की परत या."

मग मी तशी जागा सोडायला लागले. त्याला मी खड्डा म्हणते. आमच्या गावात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आठ सेकंद सारंगी, मग वीस-पंचवीस सेकंद नुसता एक बारीक सूर धरून ठेवायचा, जवळजवळ ऐकूच न येणारा, मग पुन्हा सारंगी. आधी पूर्ण चाल बांधून मग तिच्यात खड्डा पाडायचे. पुढे पुढे म्हटलं, एवढा कुटाणा कशाला, आणि चाल सुचतानाच खड्ड्यासकट सुचायला लागली. फोन बंद झाले. चॅनेलच्या बाई म्हणाल्या, "ताई, आता कसं मस्त जमलंय." त्या वाक्यानं मी खूश झाले होते, हे आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आता बाबांचं सांगते, कारण हे सगळं त्यांच्यापाशी येऊन अडतं.

बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनवर होते. तिथं शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडावं लागायचं. कानात कापसाचे बोळे घालून यांनी उभा जन्म काढला. पण त्या आवाजातही यांचा कान असा, की मोठा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक बेअरिंगच्या डब्याला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, आणि सांगायचं, हे आठ दिवसांत जाणार. आणि ते जायचं. इंजिनिअर लोक खालून बोलावणं पाठवायचे त्यांना. संगीतातलं सारेगम त्यांना येत नाही, पण कुठला आवाज निरोगी आणि कुठला आजारी हे त्यांच्याइतकं कळणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आमच्या विहारात कोणी पेटी आणली की ते नुसता भाता हलवून सांगतात कुठून हवा जातेय.

त्या टर्बाइननं शेवटी कान घेतलेच. मालिका सुरू झाली तेव्हा दोन्ही कान कमी-जास्त चालत होते. दोन वर्षांपूर्वी उजवा पार गेला. डाव्यात मशीन घातलं. आणि असा कान अधू झाला की माणसांचं बोलणं आणि मागचं संगीत वेगळं काढता येत नाही, सगळा काला होतो. त्यामुळे झालं काय, की रोज संध्याकाळी आमच्या घरात टीव्हीसमोर बसून बाबा वैतागून म्हणायचे, "ते मागचं पीं पीं बंद करायला सांग गं त्यांना. कोण काय बोलतंय कळत नाय."

ते पीं पीं माझं होतं. आई डोळ्यांनी त्यांना दटावायची. मी वर निघून जायचे.

आईचं वेगळंच. ती मालिका कानानं बघायची. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता तिला कळायचं, आता सासू आली, आता कोणीतरी रडणार. रडण्याचं वाजलं की पिठाच्या हातानं बाहेर यायची, प्रसंग बघायची, परत जायची. "तुझ्यामुळं लय सोयीचं झालं बाई," असं ती खरोखर कौतुकानं म्हणायची. भोंग्याचं करतात तसलं कौतुक.

गेल्या हिवाळ्यात कानाच्या डॉक्टरनं सांगितलं की डावाही उतरतोय, मशीनचा आवाज वाढवून वाढवून किती वाढवणार. घरी आल्यावर बाबा पलंगावर बसले आणि मला जवळ बोलावलं.

"तू चार वर्षं काय करतेयस ते मला एकदा धड ऐकव. टीव्हीत ती माणसं मधे मधे बोलतात. नुसतं तुझं ऐकव. एक तरी पूर्ण. कान हाय तोवर."

मी तेव्हाच पेटी काढून बसायला हवं होतं. नाही बसले. मालिकेचा शेवट जवळ आला होता, रोज नवे झटके हवे होते, आणि नेमका त्याच आठवड्यात चॅनेलच्या बाईंचा फोन आला की प्रेक्षकांची मागणी आहे, आपण मागच्या म्युझिकचा अल्बम काढू. मी बाबांना सांगितलं, थांबा थोडे, अल्बमच येतोय, सगळंच ऐका. त्यांनी मान डोलावली. माणसाचा गर्व कसा असतो बघा. बापाला एक चाल हवी होती आणि मी त्याला अल्बम द्यायला निघाले होते.

मी बाईंना म्हटलं, मला एक महिना द्या. एका सुरातल्या चाली एकत्र जोडते, क्रम लावते, जिला नुसती सुरुवात आहे तिला शेवट देते. त्या म्हणाल्या, "अहो ताई, महिन्यानं मालिका कोणाच्या लक्षात राहणार? आहे तेच द्या. लोकांना तेच ओळखीचं आहे." मी दोनदा मागितलं, तिसऱ्यांदा मागितलं नाही. दोन दिवसांत एकतीस तुकडे निवडून पाठवले. पाठवण्याआधी एकूण एक ऐकला. नीट कान देऊन ऐकला. मला त्यात काहीही खटकलं नाही.

अल्बम आला त्या रविवारी बाबा सकाळी विहारातून वंदना करून आले, पांढरा शर्ट तसाच अंगात. मी वरचे दोन चांगले स्पीकर खाली आणून टीपॉयवर ठेवले. बाबांनी खुर्ची ओढली, डावा कान स्पीकरकडे केला आणि डोळे मिटले. असे ते बसले की मला माहीत होतं, आता त्यांच्याशी बोलायचं नाही.

पहिला तुकडा लावला. आठ सेकंद सारंगी वाजली. बाबांच्या कपाळावरची आठी गेली. मग सारंगी मागे गेली, बारीक सूर उरला, जो त्यांच्या कानाला येणं शक्यच नव्हतं. बाबा थांबले. जरा वेळानं डोळे उघडले.

"लाइट गेली?"

"नाही बाबा. चालू आहे."

मग सारंगी परत आली, सहा सेकंद वाजली आणि तुकडा संपला. दुसरा लावला. तेच. तिसरा झटका होता, त्यानं ते दचकले. चौथा, रडणं लांब, त्याच्यावर माझा फार जीव. तो लागल्याबरोबर आई आतून पिठाच्या हातानं लगबगीनं आली, टीव्हीकडे बघितलं, टीव्ही बंद. "अगोबाई," म्हणाली, आणि नेमकं काय बघायचं ते न कळून तिथंच उभी राहिली. तेवढ्यात सारंगी गेली. आम्ही तिघं त्या खोलीत बावीस सेकंद एकमेकांची तोंडं बघत होतो. रस्त्यावरून भाजीवाल्याची आरोळी आली.

बाबा म्हणाले, "यात कोणीतरी बोलायचं राहिलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मालिकेचं संगीत असंच असतं," मी फाडकन म्हटलं. "तुम्हाला नाही कळायचं ते."

"का नाय कळायचं? मशीन फिरतंय, पण लोड नाय त्याच्यावर. ते मला कळतं."

मी स्पीकर उचलले आणि वर निघून गेले. दार लावलं. आणि पहिल्यांदा, म्हणजे खरोखर पहिल्यांदा, त्या मालिकेतलं काहीही न आठवता ते तुकडे ऐकायचा प्रयत्न केला. फार अवघड गेलं. सारंगी मागे गेली की माझ्या डोक्यात ती सून लगेच बोलायला लागायची. चार वर्षं तिची वाक्यं ऐकून मला ती पाठ झाली होती. पाठवण्याआधी मी जे ऐकलं होतं त्यात ती बोलत होती, सासू बोलत होती, सगळी खानदानं बोलत होती, म्हणून मला खड्डे दिसलेच नव्हते. फाइलीत कोणीही बोलत नव्हतं. फाइलीत मी मागे सरून उभी होते, बस.

मग मी चॅनेलच्या बाईंना फोन लावला. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, ते काढून टाका, माझी शोभा चालवलीय तुम्ही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, फाइल्स तुमच्याच आहेत. आम्ही एक सेकंद कापलेला नाही. आणि लोकांना आवडतंय हो, कमेंट्स बघा ना." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्याचाच जास्त संताप आला.

कमेंट बघितल्या. "हे वाजलं की तो हॉस्पिटलचा सीन आठवतो, डोळ्यात पाणी येतं." "सासूची एन्ट्री एकच नंबर." एकीनं लिहिलं होतं, "मधे डायलॉग पण टाकले असते तर अजून छान वाटलं असतं." सगळे प्रेमानंच लिहीत होते. पण कोणाला माझी चाल आठवत नव्हती, त्यांना सून आठवत होती. माझ्या संगीताची चिमटीएवढी ओळख, ती पण तिच्या पदराला धरून.

मालिकेचं संगीत एकटं उभं राहत नाही असं नाही हं. ती पळवाट मी स्वतःला घेऊ देणार नाही. एका परदेशी मालिकेच्या संगीताचा अल्बम माझ्याकडे आहे, पाचेक वर्षं तो ऐकतेय, मालिका आजतागायत पाहिलेली नाही. त्यात कोण मरतं, कोण कोणावर प्रेम करतं, डोंबल माहीत नाही मला. तरी तिसरी चाल लागली की हातातलं काम थांबतं. कारण ती चाल कोणाचं बोलणं संपायची वाट बघत नाही. तिला जे म्हणायचंय ते ती म्हणते, वळते, संपते. ते ज्यानं केलं असेल त्यालाही कोणीतरी आवाज कमी करा म्हणून सांगितलंच असेल. त्यानं आपली चाल पूर्ण केली असेल आणि म्हटलं असेल, कमी तुम्ही करा. मी माझ्या हातानं केलं. चॅनेलनं माझा हात धरला नव्हता. मला फक्त पुन्हा फोन यायला नको होता.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, रडणं लांब ही चाल बाबांसाठी पूर्ण करायची. म्हटलं, त्यात काय, खड्डा बुजवायचा. बसले, आणि तिथंच अडले. सारंगीचे जे आवाज मी वाजवून घेऊन ठेवले होते तेसुद्धा आठ-आठ सेकंदांचेच होते. आठव्या सेकंदानंतर ती चाल कुठं जाते हे मला माहीतच नव्हतं. चार वर्षं जिला शेकडो वेळा वाजवलं तिचं पुढचं घर मी पाहिलेलं नव्हतं. काहीतरी पुढे नेलं की नवव्या-दहाव्या सेकंदाला माझा हात आपोआप आवाज खाली ओढायचा. वर घ्यायची, पुन्हा खाली. हाताला वळणच पडलं होतं तसं. चिडून कॉम्प्युटर बंद केला. चॅनेलला शिव्या घातल्या, मग त्यांना घालण्यात अर्थ नाही म्हणून स्वतःला घातल्या, मोठ्यानं, खालून आईनं विचारलं, कोण आलंय गं वर.

शेवटी कपाटावरची पेटी खाली काढली. शाळेत असताना शिकले होते ती. कॉम्प्युटर नको, सारंगी नको, कोणाची एन्ट्री नको. रोज सकाळी मुंबईचं दुसरं कुठलंही काम हाती न घेता तीच चाल घेऊन बसले. पहिले दिवस ती आठ सेकंदांवर येऊन थांबायची आणि मी तिच्यावर खेकसायचे. मग एकदा ती खालच्या सुरात उतरली, तिथून वेगळ्याच बाजूनं वर आली, आणि मला कळलं की हिला रडायचं नव्हतंच कधी. ती रागावलेली चाल होती. तिच्यावर रडण्याचं नाव मी टाकलं होतं, कारण एडिटरला सोपं जावं. पंधरा-एक दिवसांनी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभी राहिली. चार मिनिटांची झाली.

मधल्या काळात बाबांच्या मशीनचा आवाज डॉक्टरनं अजून वाढवला होता. त्याच्या पुढे आता जागा नाही म्हणाला.

दुपारी जेवणं झाल्यावर पेटी खाली आणली. बाबांना म्हटलं, ऐकता का. ते पलंगावरून उठून जमिनीवर माझ्या शेजारी येऊन बसले, डावा कान माझ्याकडे करून, गुडघा पेटीला टेकेल इतके जवळ. मी वाजवायला लागले. दीडेक मिनिटानंतर आई दारात येऊन म्हणाली, "चहा टाकू का गं," आणि मी हात न थांबवता म्हटलं, "बोलू नकोस." आईशी मी अशी कधी बोललेले नाही. ती तिथंच दाराला टेकून राहिली. बाबांनी वाकून पेटीच्या लाकडावर तळहात ठेवला होता. मी कुठंही मागे सरले नाही. जिथं हात खाली ओढायला बघत होता तिथं भाता जास्त जोरात ओढला. चाल वळली, वर आली, संपली.

बाबांनी हात तसाच ठेवला होता.

"संपलं?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण, बाबा."

"शेवटचं जरा लांबून आलं मला. पण आलं." ते पेटीकडे बघत होते. मला वाटलं आता चांगलं म्हणतील. मी त्याचीच वाट बघत होते, खोटं कशाला बोलू.

"हे तुला आधीपासून येत होतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "येत होतं. पहिल्या आठवड्यात अशाच पूर्ण चाली करायचे मी."

बाबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. ओरडले नाहीत. टर्बाइनवरून घरी आल्यावरही ते कधी आमच्यावर ओरडले नव्हते.

"मग माझे दोन्ही कान चालत होते," ते म्हणाले, "तेव्हा का नाय ऐकवलंस?"